मोठं पातेलं गळतंय

शनिवार, ४ ऑक्टोबर

ल्यूकचं डोकं जमिनीवर आपटलं तो आवाज मला अगदी वरच्या बाकावर ऐकू आला. बँड वाजत होता तरी! माझा नवरा एमिल म्हणतो, एवढ्या लांबून ऐकू येणं शक्यच नाही. नसेल शक्य. मी ऐकला.

उठला. हसला. हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या — आपला क्वार्टरबॅक उठला! फुटबॉलमध्ये चेंडू जो फेकतो तो, सगळी टीम ज्याच्या तोंडाकडे बघते तो. आणि हा माझा पोरगा चालत गेला कुठे? तर पलीकडच्या बाकाकडे. समोरच्या टीमच्या! लोक हसले. 'ल्यूक चेष्टा करतोय' म्हणे.

मिस डार्लीन हसली नाही. शाळेतल्या खेळाडूंची दुखणीखुपणी तीच बघते. धावत गेली, दोन प्रश्न विचारले आणि त्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या पोटाशी धरून बसली. तशी पद्धतच आहे. डोक्याला मार लागला की आधी हेल्मेट ताब्यात घ्यायचं, नाहीतर पोरगा डोळा चुकवून परत मैदानात शिरतो. कोच रॅटिगन तिच्या अंगावर ओरडत होते. ती ढिम्म. देव तिचं भलं करो.

मग डॉमिनिकला उतरवलं. चर्चमधल्या रोझेलाचा डॉम. मध्यंतरात खेळाच्या कपड्यांतच बँडमध्ये उभा राहून क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून गावाने त्याला पिपाणीवाला नाव ठेवलंय. हरलो. येताना गाडीत ल्यूक खिडकीला कपाळ टेकून बसला होता, दिवा समोर आला की डोळे मिटायचा.

रविवार, ५ ऑक्टोबर

जेवणाआधीची प्रार्थना ल्यूकच म्हणतो. सासूबाईंनी शिकवलेली, स्लोव्हाक भाषेतली. तीन वर्षांचा होता तेव्हापासून पाठ आहे. आज मध्येच थांबला. भाकरीच्या ओळीपाशी. मग म्हणाला, 'आमेन, सूप गार होतंय.' एमिल हसला.

मी नाही हसले. जी प्रार्थना पोराला झोपेत येते, ती गेली कुठे?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

गावात दुसरा विषय नाही. ऑगीच्या केशकर्तनालयात एमिलचा त्याच्या तरुणपणीच्या टीमबरोबरचा फोटो अजून भिंतीवर आहे. तिथे म्हणे रोज सभा भरते. एमिल येऊन ऐकवतो.

'पिपाणीवाला चेंडू फेकणार की फुंकणार?'
'मनगटं बघितलीस त्याची? माझ्या बायकोची जाड आहेत!'
'ल्यूक आठवडाभरात येईल. सबोलांची डोकी दगडी.'

दगडी! मी म्हटलं, 'एमिल, तू काय म्हणालास त्यावर?' म्हणाला, 'मी काय म्हणणार? दगडीच आहेत.'

ऑक्टोबर महिना जपमाळेचा. आजची एक माळ डॉमसाठी. हो, डॉमसाठी! तो बरा खेळला तर माझ्या पोराला कोणी घाईने ओढणार नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चर्चच्या तळघरात पिरोही. आम्ही सगळ्या बायका दर गुरुवारी बसतो — बटाटा भरायचा, कडा चिमटायच्या, मोठ्या पातेल्यात उकळायच्या, शुक्रवारी विकायच्या. चर्चचं छप्पर त्यावरच उभं आहे.

ॲग्नेसबाई सर्वांत वडील. ऐंशी उलटली, पण टीमचा एक सामना चुकवत नाहीत. म्हणाल्या, 'पोराचा हात लहान आहे, पण डोळा चांगला आहे. फेकायच्या आधी बघतो. तुझा ल्यूक आधी फेकतो, मग बघतो, पॉलीन. राग मानू नकोस.'

नाही मानला. उलट बरं वाटलं!

थेल्मा म्हणाली, 'बघून काय करायचंय? बघत बसतो तोवर चारजण अंगावर येऊन पडतात.' मग जुंपली. पिठाचे हात हवेत, कोण कुठे पळालं ते टेबलावर पिरोही मांडून दाखवणं सुरू. रोझेला खाली मान घालून कडा चिमटत होती. तिच्या पोराबद्दल तिच्याच समोर बोलत होतो आणि कोणी तिला विचारलं नाही. मीही नाही.

शनिवार, ११ ऑक्टोबर

काल परत हरलो. डॉमने चेंडू दोनदा समोरच्यांच्या हातात दिला. आमच्याच बाकांवरून लोक तोंडाने पिपाणी वाजवत होते. मोठी माणसं! नातवंडं असलेली!

मी उभी राहिले. 'डॉमिनिक, शाब्बास! पुढचा चांगला जाईल!' एवढ्या मोठ्याने मी चर्चमध्ये गातानाही ओरडत नाही. मागून कोणीतरी म्हणालं, 'मॅडम, तुमचा पोरगा कुठला ते विसरलात का?' मी वळून सांगितलं, 'आज मैदानावर आहे तो माझा.' आणि खाली बसून घरून आणलेल्या लाह्या खाल्ल्या. तिथल्या लाह्या घेणाऱ्यांतली मी नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

खेळाच्या मदत मंडळाचा हिशेब सात वर्षं माझ्याकडे. आज मंडळाने वही परत मागितली. 'तुझ्यावर सध्या ताण आहे गं, पॉलीन.' ताण! दिली वही. जुळवलेली दिली. आता बसा म्हणावं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी ल्यूकला खेळायची परवानगी दिली. शाळेतल्या कॉम्प्युटरवर परीक्षा घेतली — आकडे लक्षात ठेव, चित्रं ओळख. ऑगस्टमध्ये घेतली होती तेव्हाच्या इतकेच गुण आले, म्हणजे डोकं पूर्वीसारखं आहे. मिस डार्लीनला हेल्मेट परत द्यावं लागलं. ल्यूकने येताना बगलेत आणलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, 'जेवायच्या टेबलावर नको.' म्हणाला, 'सॉरी, आई.' आणि मग फ्रिज उघडून त्याच्यापुढे उभाच राहिला. काय घ्यायला आला ते आठवेना.

एमिल इतका खुशीत! गाडी पुसत होता. मी विचारलं, 'असं कसं रे पास झाला? काल त्याला आपल्या गल्लीचं नाव आठवत नव्हतं.'

तर म्हणतो, 'अगं, त्याला युक्ती आहे. ऑगस्टमध्येच मी सांगून ठेवलं होतं त्याला — पहिल्या परीक्षेत मुद्दाम चुक. सावकाश उत्तरं दे. म्हणजे पुढे डोक्याला काही लागलं तरी तेवढे गुण पडतातच. सगळेच करतात.'

फडकं त्याच्या हातात. तोंडावर हसू. माझ्या हातातली कपड्यांची टोपली खाली पडली.

'सगळेच करतात म्हणजे?'
'सगळेच बाप सांगतात, पॉलीन. मला माझ्या बापाने सांगितलं असतं, तेव्हा परीक्षा असती तर.'

एकोणीस वर्षं संसार केला या माणसाशी. वाईट नाही तो. पोरावर जीव टाकतो. म्हणून तर!

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी दोन कामं केली.

एक — मुख्याध्यापकांना चिठ्ठी. 'माझा मुलगा ल्यूक सबोल याला खेळायला माझी परवानगी नाही. — आई.' कारण लिहिलं नाही. कारण लिहिलं तर वाद घालतील.

दोन — हेल्मेट. पिठाच्या पिशवीत घातलं, चर्चमध्ये गेले, तळघरात उतरले आणि मोठ्या पातेल्यात ठेवून झाकण लावलं. फळीवर अगदी वर. चिठ्ठी फाडता येते. हेल्मेट सापडायला हवं! शाळेत त्याच्या मापाचं दुसरं नाही, ते एमिलनेच सांगितलं होतं, अभिमानाने. सबोलांची डोकी.

संध्याकाळी ल्यूक नेहमीप्रमाणे उद्याची बटाट्याची पोती तळघरात टाकून आला. शाळेत चिठ्ठी कळली होती. माझ्याशी बोलला नाही. दार आपटलं.

एमिलने विचारलं, 'हेल्मेट कुठाय?' म्हटलं, 'मला काय माहीत?'

गुरुवार, १६ ऑक्टोबर

थेल्मा मोठ्या पातेल्याला हात लावायला गेली. ॲग्नेसबाई खुर्चीवरून म्हणाल्या, 'ते नको. मोठं पातेलं गळतंय.'

थेल्मा म्हणाली, 'गेल्या गुरुवारी नव्हतं गळत.'
'आता गळतंय.'

थेल्माने झाकण उचललं, आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. झाकण ठेवलं. 'हो गं बाई. चांगलंच गळतंय.'

दोन छोट्या पातेल्यांत उकळलं सगळं. दुप्पट वेळ, दुप्पट गॅस. मला गॅसचं वाईट वाटलं, पण कोणी चकार शब्द काढला नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

जिंकलो! डॉमने जिंकून दिलं! शेवटी चेंडू फेकायच्या ऐवजी स्वतःच घेऊन पळाला आणि कोपऱ्यात जाऊन पडला. ज्या माणसाने गेल्या आठवड्यात पिपाणी वाजवली, तोच उभा राहून रडत होता.

एमिल म्हणाला, 'नशीब. ल्यूक असता तर एवढं ताणलंच नसतं.'
मी म्हटलं, 'ल्यूक असता तर आपण कुठे आहोत ते त्याला आठवलं नसतं.'

दुपारी कबुलीजबाबाला गेले. फादर दुब्राव्हेत्स. सांगितलं — मुलाची वस्तू लपवली, नवऱ्याशी खोटं बोलले, तीनदा.

'पश्चात्ताप होतो?'
'खोट्याचा होतो. लपवण्याचा नाही.'
'उद्या नवऱ्याने परत विचारलं तर?'
'परत खोटं बोलेन, फादर.'

जाळीपलीकडून मोठा श्वास ऐकू आला. 'मग मी माफी कशाची देऊ, पॉलीन? ते परत देऊन टाक आणि ये.'

मी म्हटलं, 'मग राहू द्या.' आणि उठले.

रविवार, १९ ऑक्टोबर

सगळे पवित्र भाकर घ्यायला रांगेत गेले. माफी मिळालेली नाही, म्हणून मी बाकावर बसून राहिले. लहानपणीच्या पहिल्या कम्युनियनपासून असं कधी झालं नव्हतं. सगळ्यांनी बघितलं. बघू देत.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आज रोझेला बोलली. भांडी घासताना, फक्त मी आणि ती.

'तू माझ्या डॉमसाठी ओरडतेस. माळ जपतेस म्हणे त्याच्या नावाने.'
'हो.'
'का गं?'
'चांगला खेळतो.'
'पॉलीन, खोटं बोलून बोलून सवय झाली का तुला?' तिने साबणाचे हात पुसले. 'तुझ्या पोराचं डोकं वाचावं म्हणून माझं पोर उभं केलंयस तिथे. माझ्या पोराला डोकं नाही? का इटालियन डोकी स्वस्त असतात?'

मी भांडं विसळायला घेतलं. ती म्हणाली, 'मी चिठ्ठी लिहिली तर? माझी पण परवानगी नाही म्हणून? मग तुमचे सगळे शहाणे कोणाला उतरवतील?'

'मग लिही ना,' मी म्हटलं.

'माझा नवरा काय म्हणेल माहितीये? आणि डॉम काय म्हणेल? आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला नावाने हाक मारताहेत.' भांडं जोरात आपटलं. 'लिहिता आलं असतं तर लिहिलं नसतं?'

तिचं खरं आहे. एकेक शब्द खरा. आणि तरी मी माझी चिठ्ठी मागे घेणार नाही. देवा, हे काय करून बसलेय मी? पण घेणार नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

परत जिंकलो. आता गावात दोन तट. ऑगीकडे म्हणे हातघाईवर येतात.

'जो जिंकतोय त्याला ठेवा!'
'ईस्ट फोर्जसमोर हा लुकडा? चुरा होईल त्याचा. सबोल हवा.'
'सबोलची आई हवी असं म्हण! तिच्याइतकी बचाव करणारी अख्ख्या टीममध्ये नाही.'

शेवटचं वाक्य एमिलने सांगितलं. सांगताना हसू दाबत होता. चिठ्ठीनंतर पहिल्यांदा. मीही तोंड फिरवलं, नाहीतर दिसलं असतं.

शेवटचा सामना ३१ तारखेला, ईस्ट फोर्जशी. जिंकलो तर पुढच्या फेरीत. तिथे आपली शाळा एमिलच्या वेळेनंतर कधी गेलीच नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

ल्यूक बोलत नाही ते नाहीच. डॉमला मात्र रोज संध्याकाळी आमच्या अंगणात बोलावतो, शिकवतो. 'पाय असा नको. आधी डावीकडे बघ, मग फेक.' खिडकीतून ऐकते. स्वतः एकदाही चेंडू फेकत नाही. फेकला की डोळ्यापुढे अंधारी येते का? विचारलं तर सांगणार नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

ल्यूक आज अठरा वर्षांचा झाला. खसखशीचा रोल केला, त्याला आवडतो तो. मेणबत्त्या गेल्या वर्षीच्याच, अर्ध्या उरलेल्या.

जेवायच्या आत कोच रॅटिगन दारात. टोपी हातात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, ल्यूक. आता तू सज्ञान. आईच्या परवानगीची गरज नाही. सही तुझी तू कर.' कागद बरोबरच आणला होता!

मी म्हटलं, 'कोच, रोल घ्या.' दुसरं काय म्हणणार? घरी आलेला माणूस.

ल्यूकने सही केली. माझ्यासमोर. पेन माझंच, फ्रिजवरचं.

'आता ते हेल्मेट शोध,' कोच म्हणाले. 'शुक्रवारी सुरुवात डॉम करेल. पण अडलं तर तूच.'

'सापडत नाहीये,' ल्यूक म्हणाला.

'घर पालथं घाल!'

एमिलने खरंच घातलं पालथं. माळा, कोळशाची जुनी खोली, माझं शिवणाचं मशीनसुद्धा हलवलं. मी रोल कापत बसले. शेवटी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. अख्ख्या संसारात असा कधी बसला नव्हता.

'पॉलीन. माझ्या पोराचा शेवटचा सामना आहे.'

मी म्हटलं, 'शेवटचाच नको व्हायला, म्हणून.'

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, सकाळी

पिरोही विकून सगळ्या तळघरातूनच मैदानावर जाणार. ॲग्नेसबाईंनी गुडघ्यावर घ्यायची घोंगडी बाहेर काढली. रोझेलाला मी विचारलं, 'माझ्याशेजारी बसशील?' म्हणाली, 'बसेन. पण बोलणार नाही.'

ठीक आहे. मीही बोलणार नाही. आज माळ दोघांची. देवाला माहीत आहे मी काय मागतेय. माफी मागत नाहीये.

शनिवार, १ नोव्हेंबर. सर्व संतांचा सण

डॉम पडला. शेवटच्या भागात, आपण पुढे असताना. मी आवाज ऐकला. रोझेलानेही ऐकला, तिची नखं माझ्या दंडात रुतली.

उठला. हसला. आणि चालत निघाला — पलीकडच्या बाकाकडे.

लोक हसायला लागले. पण ल्यूक पळाला. कोणाच्याही आधी, मिस डार्लीनच्याही आधी. डॉमला खांद्याला धरून वळवलं. डॉम ओरडत होता, 'बरा आहे मी! बरा आहे!' ल्यूकने त्याचं हेल्मेट काढून घेतलं. कोच ओरडले, 'घाल, सबोल! घट्ट बसलं तरी घाल!' आणि सगळं मैदान उभं राहिलं. सबोल! सबोल! एमिल बाकावर चढला. मला वाटलं, संपलं.

ल्यूक वळला आणि मैदानाबाहेर आला. कुंपण ओलांडून, लोकांच्या पायांतून पायऱ्या चढत वर. ओरडणं विरत गेलं. माझ्यासमोर थांबला, ते हेल्मेट माझ्या मांडीवर ठेवलं आणि रोझेलाला म्हणाला, 'काकू, खाली चला. त्याला तुम्ही हव्यात.'

हरलो. चेंडू फेकायला कोणी उरलंच नव्हतं. येताना एमिलने गाडी आधी हॉस्पिटलला घेतली, न सांगता. डॉम बरा आहे. अंधाऱ्या खोलीत झोपून राहायला सांगितलंय. रोझेला अजून माझ्याशी बोलत नाही, पण आम्ही निघताना तिने स्वतःचा कोट माझ्या खांद्यावर टाकला.

रविवार, २ नोव्हेंबर

रांग निघाली. मी बाकावरच. ल्यूकही उठला नाही, शेजारी बसून राहिला. खालच्या आवाजात म्हणाला, 'डॉमचं पण तिथेच ठेवलंस ना? पातेल्यात जागा होती?'

मी विचारलं, 'तुला कधीपासून माहीत आहे?'

'लपवलंस त्याच बुधवारपासून,' म्हणाला. 'पोती कोण टाकतं तिथे, आई?'